यार्नो सारिनेन: बर्फावर थ्रॉटल शिकलेला इंजिनिअर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलाच पाऊस, रस्त्यावर तेल आणि धुळीचा चिकट थर. समोरचा सिग्नल लाल झाला आणि मी पुढचा ब्रेक कचकन दाबला. पुढचं चाक सुटलं, गाडी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. स्पीड जेमतेम तीसचा होता. गुडघा सोलवटला, हेडलाइट फुटला आणि चहाच्या टपरीवरच्या लोकांनी उचलून कडेला बसवलं. घर्षणाचा चॅप्टर मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. पेपरात मार्कही बरे पडले होते. पण तो चॅप्टर माझ्या बोटांना माहीत नव्हता.

त्यानंतर ब्रेक आणि थ्रॉटल नेमके कसे वापरायचे, हे रेसर लोक कुठून शिकतात, याबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता एका नावाशी येऊन थांबलो. यार्नो सारिनेन. फिनलंडचा मेकॅनिकल इंजिनिअर, जगज्जेता मोटारसायकल रेसर, आणि वयाच्या फक्त २७व्या वर्षी ट्रॅकवर गेलेला माणूस. आज मोटोजीपीमध्ये तुम्ही जे पाहता, म्हणजे गाडीच्या बाहेर लटकलेलं शरीर, वळणात शिरेपर्यंत दाबलेला ब्रेक, वळणातून निघताना हळूच घसरणारं मागचं चाक, ती शैली घडवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव फार वर आहे.

चला, त्याची गोष्ट पाहू. सोबत त्यामागचं सायन्सही समजून घेऊ, कारण त्याच्या बाबतीत ही दोन्ही वेगळी करताच येत नाहीत.

तुर्कूचा मुलगा

सारिनेनचा जन्म ११ डिसेंबर १९४५ रोजी फिनलंडच्या तुर्कू शहरात झाला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. फिनलंडमध्ये हिवाळा लांब असतो आणि तळी गोठून टणक होतात. आपल्याकडे पोरं जशी पीक निघालेल्या शेतात क्रिकेटचं मैदान आखतात, तसा तिकडे गोठलेल्या तळ्यावर रेसचा ट्रॅक आखला जातो. टायरला धातूचे छोटे खिळे लावायचे आणि मोटारसायकल घेऊन बर्फावर उतरायचं.

सारिनेन याच शर्यतींमधून वर आला आणि बर्फावरच्या रेसिंगमध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. त्याच्यासोबत त्याचा मित्र तेउवो लान्सिवुओरी होता. पुढे दोघेही जागतिक स्पर्धेत उतरले.

एकीकडे रेसिंग आणि दुसरीकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण, असं त्याचं दुहेरी आयुष्य चालू होतं. इंजिन उघडणं, जोडणं, ट्यून करणं ही कामं तो स्वतः करायचा. आपली गाडी अमुक वळणात अशी का वागली, याचं उत्तर त्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नसे.

आधी थोडं सायन्स: टायरचा डेटा पॅक

सारिनेनने वेगळं काय केलं हे कळायला एक गोष्ट पक्की डोक्यात बसली पाहिजे. मोटारसायकलचा टायर रस्त्याला जिथे टेकतो तो भाग साधारण तळहाताएवढाच असतो. ब्रेक मारणं, वळणं आणि वेग घेणं, या तिन्ही गोष्टी त्या तेवढ्याशा रबराच्या पकडीतूनच होतात.

समजा तुमच्या फोनवर दिवसाला दीड जीबी डेटा आहे. रील्स पाहा, गेम खेळा किंवा व्हिडिओ कॉल करा, सगळं त्याच दीड जीबीतून जाणार. टायरची ग्रिप तशीच असते. वळणात गाडी झुकवली की पॅकमधला काही भाग वळण्यासाठी खर्च होतो. त्याच क्षणी तुम्ही ब्रेक दाबला तर तोही त्याच पॅकमधून मागतो. पॅक संपला की टायर घसरतो.

यात एक गंमत आहे. इथलं गणित साध्या वजाबाकीचं नसून वर्तुळाचं आहे, कारण वळण्याचा जोर आडवा असतो आणि ब्रेकचा उभा. वळण्यासाठी ८० टक्के ग्रिप वापरली, तर ब्रेकसाठी २० नव्हे, सुमारे ६० टक्के उरते. पायथागोरसचा तोच शाळेतला नियम! वळण्यासाठी ९५ टक्के वापरली तरी साधारण ३१ टक्के शिल्लक असते. म्हणजे वळणात शिरल्यावरही थोडा ब्रेक धरून ठेवता येतो, फक्त गाडी जसजशी झुकत जाईल तसतसा तो हळूहळू सोडत जायचा. रेसर लोक याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. वळणातून बाहेर पडताना याच्या उलट करायचं. गाडी जसजशी सरळ होईल तसतसा थ्रॉटल उघडत जायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण हा पॅक किती शिल्लक आहे हे दाखवणारा मीटर त्या काळच्या गाडीवर कुठेच नव्हता. तो फक्त रायडरच्या हाताला, पायाला आणि सीटवर टेकलेल्या शरीराला जाणवायचा.

बर्फाने काय शिकवलं

आता बर्फाकडे परत येऊ. कोरड्या डांबरावर ग्रिप भरपूर असते. तिथे तुमची चूक बराच वेळ लपून राहते, आणि ग्रिप सुटते तेव्हा गाडी एकदम फेकून देते. बर्फावर ग्रिप मुळातच कमी असते. खिळे लावले तरी मागचं चाक घसरतच राहतं. त्यामुळे रायडरला घसरण ही रोजचीच गोष्ट होऊन जाते. ती कधी सुरू होते, किती वाढू द्यायची, थ्रॉटल केसभर कमी केला तर चाक परत कसं पकड घेतं, हे सगळं कमी वेगात पुन्हा पुन्हा अनुभवता येतं.

दुसरी गोष्ट, बर्फावर नुसतं हँडल फिरवून गाडी वळत नाही. मागचं चाक थोडं बाहेर सरकवावं लागतं म्हणजे गाडीचं तोंड वळणाच्या आत फिरतं. हे काम उजव्या हाताची मूठ करते. थ्रॉटल म्हणजे वेग वाढवायचं साधन, असं आपण समजतो. बर्फावर वाढलेल्या मुलासाठी तेच स्टिअरिंगसुद्धा होतं.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. बर्फावर कचकन काहीच करता येत नाही. कचकन ब्रेक मारला तर पडलात, कचकन मूठ पिळली तरी पडलात. प्रत्येक हालचाल सुरुवातीला हळू आणि मग वाढत जाणारी लागते.

सारिनेन डांबरी ट्रॅकवर आला तेव्हा ही सवय त्याच्या हातात तयार होती. इतर रायडर ज्या क्षणाला घाबरून थ्रॉटल बंद करायचे, तो क्षण त्याच्या ओळखीचा होता.

आधी परीक्षा, मग रेस

१९७० मध्ये तो जागतिक स्पर्धेत पूर्ण तयारीनिशी उतरला. हातात २५० सीसीची यामाहा, मागे फॅक्टरी टीम नाही. गाडी नेणं, दुरुस्त करणं, पुढच्या देशात पोचणं, सगळं स्वतःच करायचं. त्याची जोडीदार, जी पुढे त्याची पत्नी झाली, सोबत फिरायची आणि लॅपच्या वेळा नोंदवायची.

त्या पहिल्याच मोसमात तो २५० सीसी गटात चौथा आला. तेही शेवटच्या काही शर्यती सोडून, कारण त्याला इंजिनिअरिंगचं शिक्षण पूर्ण करायला घरी परतायचं होतं. कॉलेजात सबमिशन आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आलेल्या कुणालाही हे पटेल!

१९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ब्रनोच्या ट्रॅकवर त्याने ३५० सीसी गटात पहिली ग्रां प्री जिंकली. वर्षअखेरीस तो ३५० मध्ये दुसरा आणि २५० मध्ये तिसरा होता. ३५० मध्ये त्याच्या पुढे होता इटलीचा जाकोमो अ‍ॅगोस्टिनी. एमव्ही अगुस्ता कंपनीच्या फॅक्टरी गाडीवरचा अ‍ॅगोस्टिनी म्हणजे त्या काळचा अनभिषिक्त राजा. पहिल्या नंबरसाठी बाकीच्यांनी आशाच सोडून दिली होती.

वळणात शरीर बाहेर

तेव्हाची रूढ शैली अशी होती: गुडघे टाकीला चिकटवायचे, शरीर गाडीच्या रेषेत ठेवायचं आणि गाडीसोबत झुकायचं. दिसायला फार देखणं. सारिनेन मात्र वळण आलं की सीटवरून आतल्या बाजूला सरकायचा आणि आतला गुडघा बाहेर काढायचा. त्याच्या गाडीचं हँडलही विचित्र दिसायचं. दोन्ही मुठी त्याने इतक्या खाली वळवलेल्या असायच्या की त्या जवळजवळ उभ्याच वाटायच्या. त्याला तसंच हवं होतं, कारण गाडीवर पसरून पुढच्या चाकावर वजन टाकताना हात त्या कोनात बसायचे.

शरीर बाहेर काढून फायदा काय? गाडी आणि रायडर यांचं मिळून एक गुरुत्वमध्य असतं. वळताना ते वळणाच्या आत झुकावं लागतं. रायडर स्वतः आत सरकला तर तेवढं काम तो करतो, आणि त्याच वेगाला गाडीला थोडं कमी झुकावं लागतं. गाडी जितकी कमी झुकेल तितका टायरचा चांगला भाग रस्त्यावर राहतो, सस्पेन्शन नीट काम करतं आणि वळणातून निघताना थ्रॉटल लवकर उघडता येतो. प्रत्येक वळणात सेकंदाचा काही भाग वाचला, तर पंधरा वळणांच्या ट्रॅकवर वीस लॅपमध्ये किती झाले ते तुम्हीच मोजा.

शरीर बाहेर काढणारा तो पहिलाच होता असं म्हणता येणार नाही, त्याआधीही काही जण थोडंफार तसं करायचे. पण सारिनेनने शरीर, ब्रेक आणि थ्रॉटल यांची एकत्र सांगड घातली. उशिरा ब्रेक, आत सरकलेलं शरीर, लवकर थ्रॉटल आणि मागच्या चाकाची मोजून मापून घसरण. तीन-चार वेगवेगळ्या युक्त्यांची त्याने एक सलग पद्धत केली.

टू-स्ट्रोकची अवघड मूठ

हे सगळं तो ज्या गाडीवर करायचा ती सोपी नव्हती. घरात कधी जुनी चेतक किंवा लुना असेल तर वडिलांना विचारा, पेट्रोल भरताना सोबत टू-टी ऑइल घालावं लागायचं. कारण टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलसोबतच. यामाहाच्या रेसिंग गाड्याही टू-स्ट्रोकच होत्या, फक्त कमालीच्या तापट.

पहिली अडचण पॉवरची. रेसिंग टू-स्ट्रोक इंजिन कमी आरपीएमला जवळजवळ मेल्यासारखं असतं. ठरावीक आरपीएमच्या वर गेलं की सगळी ताकद एकदम येते. म्हणजे मूठ थोडीशीच पिळली तरी ताकद थोडीशीच वाढेल याची काही खात्री नाही. वळणाच्या मधोमध ती ताकद अचानक मागच्या चाकावर आली तर काय होईल, ते सांगायला नको. त्यामुळे इंजिन योग्य आरपीएमला धरून ठेवणं आणि ताकद येण्याच्या क्षणाचा अंदाज आधीच घेणं, हे रायडरच्या मनगटाचं काम होतं.

दुसरी अडचण जास्त भयानक. सरळ रस्त्याच्या शेवटी, इंजिन पूर्ण वेगात फिरत असताना थ्रॉटल एकदम बंद केला, तर पेट्रोल कमी येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि आत येणाऱ्या पेट्रोलमुळे मिळणारा थंडावाही कमी. पण पिस्टन तर अजून त्याच वेगाने धावतोय. अशा वेळी पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन सीझ होऊ शकतं. इंजिन थांबलं की चेनमुळे मागचं चाकही जागच्या जागी लॉक होतं. म्हणून त्या काळचे टू-स्ट्रोक रायडर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे. काही वेगळं जाणवलं की क्लच दाबायचा आणि चाक मोकळं करायचं. हाताशी वेळ असायचा तो डोळ्याची पापणी लवण्याइतका.

त्यात ब्रेक. सारिनेनच्या सुरुवातीच्या यामाहा गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक होता. ड्रम तापला की ब्रेकची पकड कमी होत जाते. शर्यतीच्या पहिल्या लॅपला ज्या जागी ब्रेक मारला, शेवटच्या लॅपला त्याच जागी मारून चालत नाही. हा बदलही बोटांनीच ओळखायचा.

आता वरच्या तिन्ही गोष्टी एकत्र करा. एकाच उजव्या हाताने थ्रॉटल बंद करायचा, त्याच हाताच्या बोटांनी पुढचा ब्रेक वाढवत न्यायचा, मग सोडत आणायचा, आणि ब्रेक पूर्ण सुटायच्या आत मूठ परत उघडायला सुरुवात करायची. दर वळणाला. शर्यतभर.

१९७२: एका गुणाचं जगज्जेतेपद

१९७२ मध्ये त्याला यामाहाकडून चांगल्या गाड्या मिळाल्या. मोसमाची सुरुवात जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या लांबलचक, डोंगराळ ट्रॅकवर होती आणि तिथे ३५० सीसी गटात सारिनेनने अ‍ॅगोस्टिनीला समोरासमोर हरवलं. फॅक्टरीच्या एमव्हीला कुणी असं भिडून हरवू शकतं, हे लोकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

३५० चं जगज्जेतेपद शेवटी अ‍ॅगोस्टिनीकडेच गेलं, सारिनेन दुसरा राहिला. २५० मध्ये मात्र त्याची टक्कर इटलीच्या रेंझो पासोलिनीशी होती. जाड चष्मा लावणारा, इटालियन प्रेक्षकांचा लाडका पासोलिनी. ही लढत मोसमभर चालली आणि फैसला झाला फक्त एका गुणाने. सारिनेन ९४, पासोलिनी ९३. सोलो मोटारसायकलींच्या रोड रेसिंगमध्ये फिनलंडला मिळालेलं ते पहिलं जगज्जेतेपद.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. ही दोन माणसं पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र येणार आहेत.

१९७३: ज्याला अडवणारं कुणी नव्हतं

आता सारिनेन यामाहाच्या फॅक्टरी टीमचा रायडर होता. मार्चमध्ये तो अमेरिकेत डेटोनाला गेला. २०० मैलांची शर्यत, ट्रॅकचे काही भाग भिंतीसारखे चढलेले, आणि समोर ७५० सीसीच्या कावासाकी आणि सुझुकी. सारिनेनची यामाहा ३५० सीसीची. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या पुढे जाणारच. पण मोठी ताकद म्हणजे टायर, चेन आणि इंजिनवर मोठा ताण, आणि २०० मैल टिकायचं तर गाडी सांभाळून चालवावी लागते. ती शर्यत सारिनेन जिंकला. ही शर्यत जिंकणारा तो पहिला युरोपियन रायडर ठरला. पुढच्या महिन्यात इटलीत इमोलाची २०० मैलांची शर्यतही त्याने ३५० सीसीवरच जिंकली.

मग आली यामाहाची नवी ५०० सीसी, चार सिलिंडरची टू-स्ट्रोक वायझेडआर ५००. तोपर्यंत ५०० चा गट म्हणजे एमव्ही अगुस्ताच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं घर. फ्रान्सच्या पॉल रिकार ट्रॅकवर या नव्या गाडीची पहिलीच ग्रां प्री होती आणि सारिनेन ती जिंकला. एमव्हीचा फिल रीड दुसरा आला. ऑस्ट्रियातही सारिनेनच पहिला. जर्मनीत होकेनहाइमला ५०० सीसीच्या शर्यतीत त्याची चेन तुटली. २५० मध्ये मात्र फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी अशा तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या.

चौथी फेरी इटलीत होती. मोंझा.

२० मे १९७३

मोंझा हा कारसाठी बांधलेला अतिवेगवान ट्रॅक. कडेने पोलादी कठडे होते. कार कठड्याला घासली तर पत्रा चेपतो. मोटारसायकलवाला आपटला तर आपटतं त्याचं शरीर. बाहेर घसरत जायला मोकळी जागा नव्हती. रायडर याबद्दल तक्रारी करत होते, पण त्या काळी त्यांचं ऐकायला कुणाला फारशी घाई नव्हती.

२५० ची शर्यत सुरू झाली. पहिल्याच लॅपमध्ये कुर्वा ग्रांदे नावाच्या लांब, वेगवान उजव्या वळणात पासोलिनीची गाडी घसरली. ती कठड्यावर आदळून परत ट्रॅकवर आली. त्याच्या लगेच मागे सारिनेन होता. त्याच्या मागून येणाऱ्या दहापेक्षा जास्त गाड्या एकमेकांवर आदळत गेल्या, आग लागली. पासोलिनी आणि सारिनेन, दोघेही तिथेच गेले. एका गुणाच्या लढाईतले दोघे, एकाच वळणात.

पासोलिनीची गाडी का घसरली, यावर आजही दोन मतं आहेत. एक मत असं की त्याचं इंजिन सीझ झालं आणि मागचं चाक लॉक झालं. म्हणजे टू-स्ट्रोकचा तोच धोका, जो आपण वर पाहिला. दुसरं मत असं की आधीच्या ३५० च्या शर्यतीत एका गाडीतून तेल सांडलं होतं आणि ते पुसल्याशिवायच पुढची शर्यत सोडली गेली. अनेक रायडर शेवटपर्यंत हेच म्हणत राहिले.

कारण कुठलंही असो, सारिनेनच्या हातात त्या क्षणी काही नव्हतं. पहिला लॅप, सगळ्या गाड्या चिकटून धावणाऱ्या, समोर अचानक आडवी आलेली गाडी, कडेला पोलादी भिंत. जगातला सगळ्यात कसलेला उजवा हातही तिथे ब्रेकवर जाईपर्यंत गोष्ट संपलेली होती. त्याची गोष्ट वाचताना मला सगळ्यात जास्त इथेच थांबायला होतं. स्वतःची गाडी कशी चालवायची हे तुमच्या हातात असतं. रस्ता कसा आहे, त्यावर काय सांडलंय, कडेला काय उभं केलंय, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या दिवशी चूक झाली ती तिथे.

यामाहाने उरलेल्या मोसमातून फॅक्टरी टीम मागे घेतली. त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी मोंझालाच आणखी एका शर्यतीत तीन रायडर मरण पावले. मोटारसायकलची ग्रां प्री तिथे परत आली ती थेट १९८१ मध्ये. १९७४ मध्ये न्युर्बुर्गरिंगला सुरक्षेच्या मुद्द्यावरून मोठ्या रायडरनी शर्यतीवर बहिष्कार टाकला. आज मोटोजीपीत रायडर पडून खडीवरून लांबवर घसरत जातो आणि उठून कपडे झटकतो. ती मोकळी जागा, तो हवेने भरलेला अडथळा, हे सगळं अशा मृत्यूंची किंमत मोजून आलेलं आहे.

त्याचा हात पुढे कुठे गेला

सारिनेनने एकूण १५ ग्रां प्री जिंकल्या. त्याची खरी कमाई मात्र त्याच्यानंतर दिसली. १९७२ मध्ये तो कॅलिफोर्नियात ऑन्टारिओच्या ट्रॅकवर शर्यतीला गेला होता. तिथे एक तरुण अमेरिकन रायडर त्याला पाहत होता. मातीच्या ट्रॅकवर गाडी घसरवत वाढलेला केनी रॉबर्ट्स. त्याने सारिनेनची गुडघा बाहेर काढायची पद्धत उचलली, आपल्या मातीवरच्या थ्रॉटलला जोडली आणि १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षं ५०० चं जगज्जेतेपद मिळवलं. बर्फ आणि माती, दोन्हींचा धडा एकच होता. पुढे ही शैली सगळ्यांचीच झाली.

सारिनेनने पदार्पणात जिंकवलेली वायझेडआर ५०० पुढे सुधारत गेली. १९७५ मध्ये ५०० चं जगज्जेतेपद पहिल्यांदाच टू-स्ट्रोक गाडीने मिळवलं, ते याच गाडीने. आणि तिच्यावर होता कोण? अ‍ॅगोस्टिनी!

इटलीत तर सारिनेन इतका आवडता होता की कित्येकांनी मुलांना त्याचं नाव दिलं. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर यार्नो ट्रुली हा त्यातलाच एक. १९७४ मध्ये जन्मलेला इटालियन मुलगा, नाव फिनलंडचं.

आपल्याकडेही त्याच्या गाडीचं एक नातेवाईक आहे. १९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने भारतात आणलेली राजदूत ३५०, म्हणजेच यामाहा आरडी ३५०. सारिनेनच्या काळातली ३५० सीसीची रेसिंग यामाहा आणि ही रस्त्यावरची आरडी एकाच इंजिन घराण्यातल्या. आरडीमध्ये तेलासाठी वेगळा पंप आहे आणि तो थ्रॉटलला जोडलेला आहे, त्यामुळे टाकीत तेल मिसळावं लागत नाही. भारतातल्या आरडीला पुढे ड्रम ब्रेकच दिला होता आणि तिच्या वेगाला तो कमी पडायचा, हे कुठलाही आरडीवाला काका तुम्हाला सांगेल.

आज हे काम कोण करतं?

सारिनेनचा हात जे काम करायचा, त्यातलं बरंचसं आता चिप करते. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत अ‍ॅक्सेलेरोमीटर आणि जायरोस्कोप असतो. महागड्या बाइकमध्ये त्याच जातीचे सेन्सर असतात. गाडी किती झुकली आहे हे ते सतत मोजतात आणि टायरच्या पॅकमध्ये किती शिल्लक आहे याचा अंदाज कॉम्प्युटरला देतात. मूठ केबलने थेट कार्ब्युरेटर ओढत नाही. ती फक्त कॉम्प्युटरला निरोप देते आणि थ्रॉटल किती उघडायचा ते तो ठरवतो. मागचं चाक जास्त घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल पॉवर कमी करतं.

मोटोजीपीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण एबीएस चालत नाही. तिथे ब्रेक आजही पूर्णपणे रायडरच्या बोटांचा.

आपल्या रस्त्यावर मात्र एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. चाकावरचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. चाक लॉक व्हायला लागलं की ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतो, परत देतो, हे सेकंदात कित्येकदा. माझी ती जुनी बाइक शंभर सीसीची होती. त्यात हे काही नव्हतं.

मी पडलो ते का, हे आता नीट सांगता येतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकाकडे जातं आणि त्यामुळे पुढच्या टायरची ग्रिप वाढते. पण वजन पुढे यायला क्षणभर वेळ लागतो. मी तो वेळ दिलाच नाही. वजन पोचायच्या आत पूर्ण ब्रेक मागितला, तोही ओल्या रस्त्यावर. पॅक रिकामा आणि मी व्हिडिओ कॉल लावला. आधी हलका दाब, मग वाढवत न्यायचा, एवढंच करायचं होतं. बर्फावरच्या पोराला हे पहिल्या हिवाळ्यात कळलं असेल.

हे वाचून घाटात गुडघा टेकवायला जाऊ नका, ही हात जोडून विनंती. सारिनेनकडे बंद ट्रॅक होता, समोरून एसटी येत नव्हती, तरीही दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीने तो गेला. आपल्या रस्त्यावर वळणापलीकडे काय सांडलंय हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून पॅक कधी संपवायचा नाही, थोडा शिल्लक ठेवूनच चालवायचं.

एक मात्र नक्की करा. एखाद्या रविवारी सकाळी रिकामं मैदान शोधा, हेल्मेट घाला आणि वीसच्या स्पीडला सरळ रेषेत पुढचा ब्रेक हळू दाबून वाढवत न्यायचा सराव करा. पुढचं सस्पेन्शन खाली बसताना हाताला जाणवतंय का ते पाहा. मी अजूनही पावसाळ्याआधी हे दरवर्षी करतो. अर्ध्या तासाचं काम आहे.